परातीपुढची जागा

फुलाबाईंचा डावा हात दुखायला लागला तेव्हा कुणीच घाबरलं नाही, आणि फुलाबाई तर मुळीच नाहीत. शेळगीतल्या त्यांच्या घरामागं पत्र्याचं शेड आहे. नवरा गेल्यापासून त्या शेडमध्ये त्या कडक भाकरी करत आल्या होत्या. ज्वारीची भाकरी पापडाइतकी पातळ थापायची, भाजायची आणि मंद आचेवर वाळवायची. मोडली की कट्‌कन आवाज आला पाहिजे, आणि महिनाभर डब्यात राहिली तरी बिघडता कामा नये. बघणाऱ्याला वाटतं, हे काम उजव्या हाताचं. थापतो उजवा, आवाज त्याचा, कौतुकही त्याचंच होतं. पण भाकरीची कड फाटू न देता तिला परातीत फिरवत ठेवतो तो डावा हात, आणि भाकरी जितकी पातळ तितका त्याचा जीव जास्त खर्ची पडतो. त्यामुळं डावा हात दुखला तर शेडमधल्या चारही बायका कारण शोधायला लांब जात नसत.

दिवाळीनंतरचे दिवस होते. सकाळी पिठाचा पहिला उंडा परातीत पडला तेव्हाच खांद्यापासून कोपरापर्यंत कळ उतरली. शेजारच्या परातीवर रंभाबाई होत्या. फुलाबाईंच्या लग्नापासूनच्या शेजारीण, आणि चोळून द्यायला गल्लीत एक नंबर. त्यांनी तेल कोमट केलं आणि फुलाबाईंचा हात मांडीवर घेतला.

"भरून आलाय फुलाक्का. खांद्यात गाठ धरलीया बघ."

"दाब की मग जोरात."

रंभाबाईंनी जोरात दाबलं. कळ मानेत गेली, मग जबड्यात गेली. फुलाबाईंना घाम फुटला, तो शेगड्यांच्या धगीमुळं असं ठरलं. छातीत जळजळ झाली, ती आदल्या रात्रीच्या शेंगा चटणीच्या माथी गेली. मग फुलाबाईंनी कनवटीची पितळी डबी काढली, चिमूटभर मिश्री हिरड्यांना चोळली आणि डोळे मिटून बसल्या. मिश्रीनं त्यांचं सगळं बरं व्हायचं. डोकं उठलेलं, पोट बिघडलेलं, सुनेशी बिनसलेलं, सगळ्यावर तोच उतारा होता.

दुपारी त्या ओकल्या तेव्हा दानेश्वरी, म्हणजे सून, शेडमध्ये आली. सासूचा पाठीपर्यंत भिजलेला ब्लाउज आणि राखेसारखा तोंडाचा रंग तिनं पाहिला आणि कुणाला काही न विचारता रिक्षा बोलावली. हॉस्पिटलात डॉक्टरांनी कागदावरची वाकडीतिकडी रेघ पाहिली आणि विचारलं, "कधीपासून दुखतंय?"

"सकाळपास्नं."

"मग सकाळपासून काय केलंत?"

"तेल लावलं की," फुलाबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी त्यांना लगेच आत घेतलं. मांडीतून तार घालून त्यांनी बंद पडलेली नस उघडली आणि तिच्यात स्प्रिंग बसवली. उशीर झाला होता, पण फार नाही. हृदयाचा एक कोपरा दुबळा झाला, बाकीचं शाबूत राहिलं. दानेश्वरीनं वाट बघितली असती तर ही गोष्ट इथंच संपली असती.

घरी सोडताना डॉक्टरांनी बरंच काही समजावून सांगितलं. गोळ्या कशा घ्यायच्या, मीठ कमी, तेल कमी. मग विचारलं, "तंबाखू खाता?"

फुलाबाईंना रागच आला. "कपाळाला इबूत लावणारी मान्सं आमी. तंबाकू कुटली आमच्यात?"

मुलगा सोमेश शेजारी उभा होता. एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे तो, शिकलेला माणूस. त्यानंही ठामपणे मान हलवली. आणि इथं दोघांपैकी कुणीही खोटं बोलत नव्हतं, हीच तर गंमत. तंबाखू म्हणजे पुड्या, गुटखा, बिडी. मिश्री म्हणजे दात घासायची वस्तू. ती तव्यावर काळी होईस्तोवर भाजतात ती काय असते, हे त्या घरात कुणाच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. घरी पोचल्याबरोबर दानेश्वरीनं सासूच्या उशाशी गोळ्यांचा डबा ठेवला, पाण्याचा तांब्या ठेवला आणि काठोकाठ भरलेली पितळी डबीही ठेवली. बिचारीचा जीव होता सासूवर.

मग सुरू झाली गादी. पुढच्या खोलीत, पंख्याखाली, दोन उशा. उठायचं फक्त मोरीपर्यंत, तेही सुनेचा हात धरून. हातात पेला घेतला तरी घरातलं कुणीतरी धावत यायचं. आणि भेटायला येणारी माणसं! आपल्याकडं आजारी माणसाला भेटायला येतात ते बिस्किटांचा पुडा आणि एक मेलेला माणूस घेऊन येतात. होटगीची चुलत जाऊ आली आणि तिच्या दिराचं सांगून गेली, दुसऱ्या अटॅकात कसा उभ्याउभ्या गेला ते. मोहोळचे व्याही आले. त्यांच्या शेजाऱ्यानं फक्त बादली उचलली होती. फुलाबाई ऐकत होत्या, हिरड्यांना मिश्री चोळत होत्या आणि आतल्या आत उकळत होत्या. तिसऱ्या बिस्किटवालीला त्यांनी वाक्य पुरं करू दिलं नाही.

"तुजं मान्स कशानं मेलं ते मला ठावं हाय. हितं दवाखान्यात कुनी न्हेलं न्हाई म्हनून मेलं. मी जित्ती हाय. ती वाटान्याची परात घे हिकडं, बोलत बोलत सोल."

पाहुणीनं वाटाणे सोलले. त्यानंतर भेटायला येणाऱ्यांची गर्दी जरा ओसरली.

पण मागच्या शेडमधून थापण्याचा आवाज यायचा, त्यावर काही इलाज नव्हता. रंभाबाई आणि दुसऱ्या दोघी काम चालवत होत्या. फुलाबाई पडल्या पडल्या कान लावून बसायच्या. एकीची थाप जड पडतेय, दुसरी कडेला घाई करतेय, हे भिंतीपलीकडून कळायचं. आपल्या परातीचा आवाज त्यात नाही, हे तर सगळ्यात आधी कळायचं. त्या परातीपुढं बसून त्यांनी सोमेशला शिकवलं, घरावर स्लॅब टाकला, नवऱ्यामागं कुणापुढं हात पसरला नाही. आता तिथं कुणी बसत नव्हतं आणि त्यांना बसू देत नव्हते. छातीतल्या दुखण्यापेक्षा हे जास्त लागत होतं, आणि तसं त्या बोलूनही दाखवत.

"अव्वा, आता बास," सोमेश म्हणायचा. "भाकरीनंच तुला हे दिवस दाखवले. आता आराम करायचा."

पुढच्या तपासणीला मोठे डॉक्टर म्हणाले की आता यांना व्यायामाच्या विभागात पाठवा. सोमेश गडबडलाच. अटॅक आलेल्या माणसाला फिरत्या पट्ट्यावर चालवतात, सायकल मारायला लावतात, हे ऐकून गल्लीनंही तोंडात बोट घातलं. रंभाबाई तर म्हणाल्या, पोटचा पोरगाच आईला मारायला न्यायलाय. फुलाबाईंना यातलं एकच ऐकू आलं होतं. गादीवरून उठायचं, घराबाहेर पडायचं आणि चालायचं. त्यांनी कपाटातून चांगलं इरकल लुगडं काढलं.

व्यायाम विभागात धम्मप्रिया होती, फिजिओथेरपिस्ट. इथल्याच बुधवार पेठेतली, उंचीनं बेताची, आवाजानं मात्र भरपूर. तिनं फुलाबाईंच्या छातीवर वायरी चिकटवल्या आणि समोरच्या पडद्यावर हिरवी रेघ उड्या मारू लागली.

"हे काय गं?"

"तुमच्या हृदयाचे ठोके, मावशी. तुम्ही काही बोलला नाहीत तरी हे मला सगळं सांगतं."

"चुगलखोर हाय म्हन की," फुलाबाई म्हणाल्या, आणि मशीनला ते नाव कायमचं चिकटलं.

पट्ट्यावर चालायचं कसं हे धम्मप्रियानं सोपं करून सांगितलं. चालता चालता बोलता आलं पाहिजे. दम लागून शब्द तुटायला लागला तर जास्त होतंय, आरामात गाणं म्हणता येत असेल तर कमी होतंय. फुलाबाईंना गाणं येत नव्हतं. त्यांनी शिव्यांवर बेतलं. होटगीच्या जावेला एक सलग शिवी देता आली की वेग बरोबर. शिवी मधेच तुटली की त्या हात वर करायच्या आणि धम्मप्रिया पट्टा हळू करायची. शेजारच्या सायकलवर एक निवृत्त हेडमास्तर असत, ते पहिले दोन दिवस मान खाली घालून बसले आणि तिसऱ्या दिवसापासून फुलाबाईंच्याच वेळेला यायला लागले.

एके दिवशी मात्र चुगलखोरानं घोळ घातला. फुलाबाई नुसत्या खुर्चीत बसल्या होत्या, अजून पट्ट्यावर पायही ठेवला नव्हता, तरी रेघ घाईघाईनं पळत होती. धम्मप्रियानं ब्लडप्रेशर घेतलं, तेही चढलेलं. गोळ्या घेतल्या का? घेतल्या. जिना चढून आलात का? लिफ्टनं आले. कुणाशी भांडून आलात? आज अजून कुणाशीच नाही. धम्मप्रियानं त्यांच्या तोंडाकडं नीट पाहिलं.

"मावशी, ओठाखाली काय धरलंय?"

"काय न्हाय. मिश्री हाय."

"मिश्री कशाची करता?"

"कशाची म्हंजे? तवा तापवायचा, त्याच्यावर..." फुलाबाई बोलता बोलता थांबल्या. आयुष्यात शेकडो वेळा तो तवा त्यांनी तापवला होता. त्यावर काय टाकायचं ते डोळे झाकून सांगितलं असतं, पण ते नाव आता तोंडातून निघेना.

"तंबाखू," धम्मप्रिया म्हणाली. "भाजली म्हणून ती दुसरी कुठली वस्तू होत नाही. तोंडात धरली की नसा आवळतात, ठोके पळायला लागतात. आत्ता पडद्यावर पळतायत ना, ते तिच्यामुळं." मग तिनं पुढचं सांगितलं ते जरा रागातच. "तुमच्या घरच्यांनी भाकरी बंद केली आणि डबी भरून दिली. उलटं करायचं होतं."

फुलाबाईंचा संताप झाला. कालची पोर, आपल्या दातांवर बोलते. पण संतापाच्या आत एक वाक्य अडकून राहिलं होतं, भाकरी बंद केली ते चुकलं असं ही म्हणाली. त्यांनी वायरी चिकटलेल्या छातीनं पुढं वाकून विचारलं, "म्हंजे मिश्री सोडली तर भाकरी थापू देशील?"

"मी कोण देणार? मोठ्या डॉक्टरांना विचारू, तुमच्या हृदयाला विचारू. आधी सोडून तर दाखवा."

"दावते की. तुला काय वाटलं, न्हाय व्हनार माज्याकडनं?"

मोरीत डबी फुलाबाईंनी एका झटक्यात रिकामी केली, हे खरं. त्याच्या पुढचे दिवस मात्र सगळ्या गल्लीनं भोगले. डोकं ठणकायचं, सकाळी पोट साफ व्हायचं नाही, हिरड्या शिवशिवायच्या. दूधवाल्याला त्यांनी विनाकारण झापलं. दानेश्वरीनं केलेली आमटी आळणी म्हणून सरकवली, वास्तविक मीठ कमी करा असं डॉक्टरांनीच सांगितलेलं. दानेश्वरी स्वयंपाकघरात पदर डोळ्यांना लावून उभी राहिली तेव्हा त्या तिच्यामागं गेल्या.

"तुज्यावर न्हाय गं राग माजा. तोंडात काय न्हाय, म्हनून तोंड सुटलंय."

मग त्यांनी बडीशेप चघळून पाहिली, लवंग धरून पाहिली. एकदा रंभाबाईंच्या ओसरीवर राहवलं नाही, आणि त्यांच्या डबीतून बोटभर मिश्री घेतली. दुसऱ्या दिवशी धम्मप्रियानं पडद्याकडं पाहून भुवई नुसती वर केली. पडद्यावर खरोखर काही होतं की फुलाबाईंच्या चेहऱ्यावरूनच तिनं ओळखलं, देव जाणे. फुलाबाईंनी मान्य करून टाकलं. परत घेतली नाही. पितळी डबी त्यांनी चिंचेनं घासून लख्ख केली, कापूस घातला आणि छातीत कळ आली तर जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची पट्टी कापून तिच्यात ठेवली. कनवटीला ती लागायचीच, नाहीतर त्यांना उघडं उघडं वाटायचं.

आता त्या रोज सकाळी शेळगीतून चालायच्या. आधी गल्लीच्या तोंडापर्यंत, मग मारुतीपर्यंत, मग पार हायवेच्या कडेपर्यंत. लोक दारात उभं राहून बघायचे. कुणी म्हणालं, एवढं चालू नये हो या वयात. फुलाबाई न थांबता उत्तर द्यायच्या. उत्तर एका दमात पुरं झालं की समजायच्या, वेग बरोबर आहे.

पौष लागला. गड्ड्याच्या यात्रेचे पाळणे मैदानात उभे राहायला लागले, भोगी-संक्रांतीच्या ऑर्डरी शेडमध्ये येऊन पडल्या, आणि धम्मप्रियानं सोमेश-दानेश्वरीला बोलावून घेतलं. येताना परात, ज्वारीचं पीठ आणि तवाही आणा म्हणाली. सोमेशला वाटलं काहीतरी ऐकण्यात चूक झाली. चूक नव्हती. मोठ्या डॉक्टरांशी बोलून तिनं ठरवलं होतं की पट्ट्यावर चालून जे कळायचं ते कळलं, आता बाईंना त्यांचं काम करून दाखवू दे.

व्यायाम विभागातल्या टेबलावर परात मांडली. कॅन्टीनमधून आधणाचं पाणी आलं. कोपऱ्यात शेगडी. छातीला वायरी लावलेल्या, नाडी दाखवणारा चिमटा कानाला, अशा थाटात फुलाबाई परातीपुढं बसल्या. हेडमास्तर सायकल मारायची विसरून बघत राहिले. फुलाबाईंनी पिठाला पाणी घातलं आणि क्षणभर तळवा नुसता त्याच्यावर ठेवला. कितीतरी दिवसांनी पीठ हाताला लागलं होतं. डोळे भरून आले, ते त्यांनी दंडाला पुसले आणि मळायला घेतलं.

पहिली भाकरी फाटली. दुसरी जाड झाली. तिसरीला डाव्या हाताला त्याची चाल आठवली. कड सांभाळत, फिरवत, भाकरी परातभर पसरत गेली, खालचा परातीचा काळा डाग तिच्यातून दिसायला लागला. पडद्यावरची रेघ जराशी वेगात गेली आणि त्या वेगावर एकसारखी चालत राहिली. धम्मप्रिया मधे मधे विचारत होती, छातीत काही? दम? कळ? फुलाबाई थापता थापता उत्तर देत होत्या. शेवटी तिनं सोमेशकडं वळून सांगितलं, "चालताना वाढतात तेवढेसुद्धा ठोके वाढले नाहीत. पिठाचं पोतं उचलायचं नाही, दुपारची विश्रांती चुकवायची नाही, काही दुखलं तर त्याच क्षणी थांबायचं. एवढं सांभाळून यांनी बसायला हरकत नाही, मोठे डॉक्टरही तेच म्हणालेत."

दानेश्वरी हसली. सोमेश नाही हसला. उलट त्याचा चेहरा उतरला आणि तो घाईनं म्हणाला, "पण शेड मी देऊन टाकलंय."

थाप थांबली.

"पार्सलवाल्याला. गोडाऊन करायला. संक्रांतीनंतर सांगणार होतो, आत्ता धक्का नको म्हणून..."

त्याचं पुढचं बोलणं कुणी ऐकलं नाही, कारण चुगलखोर टीं टीं करून ओरडायला लागला होता. हिरवी रेघ अंगात आल्यासारखी नाचत होती. परातीवरचे हात निश्चल होते, बाई जागची हललीही नव्हती. धम्मप्रियानं धावत येऊन त्यांना मागं टेकवलं, प्रेशर घेतलं, सावकाश श्वास घ्यायला लावला. थोड्या वेळानं रेघ शहाण्यासारखी चालायला लागली.

"बघितलंस?" फुलाबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "भाकरीनं न्हाय वाडलं. तू वाडवलंस."

सोमेश खाली बसला, फरशीवरच. चाळिशीचा माणूस, शर्ट इन केलेला, गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र. "अव्वा, बाबा गेले तेव्हा मी दहावीत होतो," तो म्हणाला. "एस.टी. स्टँडवर माझ्या हातात गेले. मी त्यांना नुसतं पाणी पाजत बसलो. पुन्हा तसं नाही बघायचं मला. तू घरात पडून राहिलीस ना, की मला ऑफिसात निदान धीर असतो."

हे त्यानं आजपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं, दानेश्वरीलासुद्धा. फुलाबाईंना आतून गलबलून आलं. पण गलबलून आलं म्हणून माघार घेणारी ती बाई नव्हती.

"सोमा, मरायचं कुनाला चुकलंय? पर तू मला निजवून मारायलास. मी मरंल तवा मरंल, गोळ्या खाऊन, चालून, मिश्री सोडून मरंल. आन् परातीपुढं बसून मरंल. तुज्या धीरासाटी मी आडवी पडनार न्हाय."

"शब्द दिलाय मी त्या माणसाला."

"मला इचारून दिलास?"

धम्मप्रियानं वायरी सोडवल्या, आणि मग त्या पोरीनं एक गोष्ट केली ती फार बरी केली. तिनं सोमेशचा हात घेतला, त्याची दोन बोटं आईच्या मनगटावर अंगठ्याच्या बाजूला ठेवली आणि म्हणाली, "हे लागतंय का बोटाला? घड्याळ बघून मोजायला शिका. नुसतं घाबरण्यापेक्षा हे कामाला येईल." सोमेशच्या बोटांना बराच वेळ काही लागेना. लागलं तेव्हा तो दचकला. परतीच्या रिक्षात परात फुलाबाईंच्या मांडीवर होती.

भोगीच्या आधीची सकाळ. दानेश्वरी दारात रांगोळी काढत होती आणि सासू मागच्या दारानं निघालेली तिनं पाहिली. अडवलं नाही. उलट पाट हातात घेऊन मागोमाग गेली, आणि फरशी गार आहे म्हणून परातीपुढं मांडून आली. शेडमधल्या तिघी टकमका बघायला लागल्या. फुलाबाई बसल्या, पदर खोचला, कनवटीची डबी चाचपली.

"काय बगायल्यात? भोगी काय उद्या थांबून ऱ्हानार हाय?"

रंभाबाईंनी मळलेला उंडा पुढं सरकवला, पण त्यांचे डोळे काही फुलाबाईंच्या डाव्या खांद्यावरून हलेनात. तेल लावत बसल्याचं त्या बाईनं मनाला फार लावून घेतलं होतं. "दुकलं तर लगीच सांग फुलाक्का," त्या म्हणाल्या. "आता मी चोळनार न्हाय. सरळ रिक्षात घालनार."

"घाल की. आन् माज्यागत तुजीबी डबी मोरीत घाल, कवाची सांगायले."

थापण्याचा आवाज सुरू झाला. चौथ्या परातीचा आवाज त्यात मिसळला तेव्हा घरात दाढी करणाऱ्या सोमेशचा हात आरशापुढं थांबला. तो आवाज ऐकत त्यानं अभ्यास केला होता, त्या आवाजात तो झोपला होता, आणि गेले दोन महिने तो नव्हता म्हणून आपल्याला घर इतकं परकं वाटत होतं हे त्याला आत्ता कळलं. तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. पार्सलवाला जागा मोजायला टेप घेऊन आला होता. पाटील म्हणून कुणीतरी, सरळ माणूस, त्याचा यात काही दोष नव्हता.

सोमेश त्याला घेऊन मागं आला. दारातून शेड नेहमीसारखंच दिसत होतं, शेगड्यांची ऊब, पोत्यांचा वास, भिंतीला उभ्या रचलेल्या वाळत्या भाकरी. फुलाबाईंनी मान वर केली नाही. तिघींचे हात मंदावले, त्यांचे नाहीत.

"शेड मोकळं कधी होणार?" पाटलांनी विचारलं.

सोमेश आईकडं बघत होता. कपाळावर घामाचे बारीक थेंब होते. असाच घाम अटॅकच्या दिवशी होता. इथं पडदा नव्हता, हिरवी रेघ नव्हती, आत काय चाललंय ते सांगणारं कुणी नव्हतं. तो पुढं झाला, परातीशेजारी उकिडवा बसला आणि पिठानं माखलेलं आईचं डावं मनगट त्यानं धरलं. दोन बोटं, अंगठ्याच्या बाजूला. फुलाबाईंनी हात दिला. सोमेशनं घड्याळाकडं पाहिलं. ठोके बोटाला लागत होते, जरा वेगात, एकामागोमाग एक, चालीत. तो मोजत राहिला. मोजून झालं तरी त्यानं हात धरून ठेवला होता.

"पाटील," तो मागं न वळता म्हणाला, "माझी चूक झाली. माफ करा. जागा रिकामी नाही."

पाटलांनी टेप खिशात टाकला. रंभाबाईंनी नाक ओढलं. सोमेशची मान खाली होती आणि आईच्या मनगटावर त्याच्या डोळ्यांतलं काहीतरी टपकलं होतं. फुलाबाईंनी ते पाहिलं. अर्धी थापलेली भाकरी परातीत वाट बघत होती, तिची कड सुकायला लागली होती.

"मोजून झालं आसंल तर हात सोड," त्या म्हणाल्या. "भाकर फाटायली."